सखूच्या शेंगा

मंचर, रविवार, १० जून २००१

आमची नात रूथ काल नर्सिंग शिकायला पुण्याला गेली. मला लई आनंद झाला, सगळ्या आळीत पेढे वाटले. पण आज उपासनेला बायबल वाचणार कोण? पाळक महिन्यातून एकदा येतात. मंडळीतली बाकीची घरं भोसरीला गेली. उरलो मी आन आमचे हे, त्यांना अक्षर दिसत न्हाई.

आन शेजारची सखू. दर रविवारी भुईमुगाच्या शेंगांचं सूप घेऊन दारात बसते. म्हणते, "मी शेंगा फोडाया आले, ऐकाया न्हाई." पण रूथ वाचायला लागली की तिचे हात थांबायचे, शेंग बोटात तशीच. मला वाटायचं, एक दिवस ही आत येऊन बसेल.

आज मीच वाचलं. तिसरी शिकलेली मी, ओळ संपेपर्यंत तिची सुरुवात विसरले. वचन तर तेच ना? मग?

सखू म्हणाली, "म्हातारे, तुझ्यापरीस माझ्या शेंगा लवकर फुटत्यात!"

मीपण हसले. दाणे घेऊन ती उठली. तिचे हात आज एकदाही थांबले नव्हते.