मुठीकडचा कोपरा

बफेलो, वायोमिंग
१८ मे १९८७

ती. आर्डिथताईस,

सा. न. वि. वि. न्यायाधीशबाईंसमोर नमस्कार साष्टांगच हवा, म्हणून तसाच घातला आहे.

आम्ही सुखरूप पोहोचलो. ट्रेलर पार्कात लावला, चाकांना ठोकळे दिले, पाणसळीतला बुडबुडा मधोमध आणला. आता जूनच्या मध्यापर्यंत हलायचं नाही. मग बिगहॉर्न डोंगर ओलांडून पलीकडे टेनस्लीपला. तिथल्या कॅम्पवर उन्हाळाभर यजमान म्हणून आम्हा दोघांना काम मिळालंय. जागा फुकट, बदल्यात संडास धुवायचे आणि लोकांना सरपण विकायचं. आयुष्यभर शाळेची बस हाकलेल्या माणसाला याहून मोठी बढती कुठली?

तक्रार एकच. शॉवरचं दार बसलंय. दुधी प्लास्टिकचं दार, भोवती अल्युमिनियमची चौकट, डाव्या अंगाला बिजागरी. उजवीकडचा, मुठीकडचा कोपरा खाली उतरलाय आणि उंबऱ्यावर घासतो. कडी लागत नाही, पाणी बाहेर येतं. रस्त्यांच्या हादऱ्यांनी स्क्रूंची भोकं मोकळी झालीत, दुसरं काय. काल दात कोरायच्या काड्या सरसात बुडवून भोकांत ठोकल्या आणि वरून नवे स्क्रू पिळले. दार पुन्हा सरळ उभं आहे.

व्हर्ला मजेत. ट्रेलरच्या टाकीतलं गरम पाणी तिला पुरत नाही, म्हणून ती पार्कच्या सामाईक न्हाणीघरात जाते. एक गंमत सांगतो. दाराचा एक स्क्रू गळून पडला होता, तो मला सापडेना. दुपारी लिनोलियमच्या जमिनीवर रक्ताचे ठिपके दिसले. स्क्रू बाईसाहेबांच्या टाचेत! कॉफी झाली, कपडे वाळत घालून झाले, तरी हिला पत्ता नाही. मी विचारलं, शेतकऱ्याच्या पोरी, ही टाच आहे की खूर? म्हणाली, खूरच आहे, म्हणून तर इतकी वर्षं तुला ओढतेय.

धाकट्यावरची माया आहे तेवढीच ठेव, त्याची लायकी तपासू नकोस.

तुझा,
ऑर्लिन


ग्रिनेल, आयोवा
२४ मे १९८७

चि. ऑर्लिन यास,

अनेक आशीर्वाद, सौ. व्हर्लासही. पत्र पोहोचले. येथे सर्व ठीक. लायलॅकचे झुडूप फुलून गेले आणि शेजाऱ्यांचा कुत्रा मेला. दोन्ही गोष्टींमुळे रस्ता शांत झाला आहे.

तुझ्या दाराविषयी. तू कारण आधी ठरवलेस आणि पुरावा नंतर गोळा केलास. न्यायालयात असे करणाऱ्या वकिलांना मी खाली बसवीत असे. दोष हादऱ्यांचा असेल तर तो एकाच दारावर का राग काढील? स्वयंपाकाची कपाटे, कपड्यांचे कपाट, बाहेरचे दार, यांच्याही बिजागऱ्या सैल झाल्या पाहिजेत. झाल्या आहेत काय? दुसरे असे की हादऱ्याने स्क्रू फिरत फिरत बाहेर येतो. भाराने मात्र तो लाकूड फाडून ओढला जातो. भोकांचे तोंड गोल आहे की खालच्या अंगाला चिरलेले, हे पाहून कळव. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ट्रेलर एका जागी उभा असताना दार पुन्हा उतरते का, याकडे लक्ष ठेव.

व्हर्लाच्या टाचेस धनुर्वाताची सुई टोचून घ्यावी. तो किस्सा करमणुकीचा आहे, पण मुद्द्यास धरून नाही.

फोन करू नकोस. फोनवर माणूस विचार करण्याआधी उत्तर देतो आणि तुला त्या सवयीसाठी फोनची गरज कधीच पडली नाही.

माझ्या कोरडेपणाखालची आपुलकी तू ओळखतोस. ती ओळख राहू दे.

तुझी बहीण,
आर्डिथ


बफेलो
३० मे १९८७

ती. ताईस,

सा. न. वि. वि. तुझी प्रश्नावली मिळाली. शपथेवर उत्तरं देतो.

कपाटं सगळी घट्ट आहेत. बाहेरचं दारही. शॉवरच्या दाराचे वरचे तीन स्क्रू उपटलेत, खालच्यांना काही झालेलं नाही. भोकं खालच्या अंगाला चिरलीत, तू म्हणालीस तशी. आणि हो, चाक इंचभर हललेलं नसताना दार पुन्हा उतरलं. सरस वाळून दगड झाला होता, तरी काड्यांसकट सगळं बाहेर आलं. या वेळी मी भिंतीमागे अल्युमिनियमची पट्टी घातली आणि लांब स्क्रू तिच्यात पिळले. आता हत्ती लटकला तरी चालेल.

माझी दिनचर्या राजाची आहे. सकाळी न्याहारी झाली की पार्कातल्या म्हाताऱ्यांबरोबर खुंटीवर घोड्याचे नाल फेकायचा खेळ खेळायला जातो, तो जेवायलाच परत. परवा नाल उचलायला वाकलो आणि उठताना डोळ्यांपुढे जरा अंधारी आली. ऊन फार होतं. व्हर्लाला सांगितलं तर ती म्हणाली, हरायला लागलास की तुला नेहमी ऊन लागतं.

डोंगराचा रस्ता पाहून आलो, नुसती गाडी घेऊन. चढ सोपा, उतार लांब. मागे चार टनांचं घर असताना उतारावर ब्रेक दाबून धरायचा नसतो. खालच्या गिअरमध्ये राहायचं, पाय हलकेच टेकवायचा, सोडायचा, पुन्हा टेकवायचा. किती दाबलाय हे पायालाच कळावं लागतं. नाही कळलं तर ब्रेक तापतात, वास सुटतो, आणि मग पेडल जमिनीला लागलं तरी गाडी थांबत नाही. शाळेच्या बसवर मी नवीन पोरांना हेच शिकवायचो. तेव्हा घोर करू नकोस.

ओरडलीस तरी माया आटवू नकोस.

ऑर्लिन


ग्रिनेल
४ जून १९८७

चि. ऑर्लिन यास,

अनेक आशीर्वाद. हे पत्र दोनदा वाच आणि दुसऱ्यांदा व्हर्लास वाचून दाखव.

उभ्या ट्रेलरमध्ये दार उतरले, म्हणून रस्ता निर्दोष ठरतो. वरचे स्क्रू खालच्या अंगाला लाकूड फाडून निघाले, म्हणून त्या दारावर भार येत होता. तोही मुठीकडच्या बाजूस आणि वारंवार. दारावर भार आपोआप येत नाही. कोणीतरी त्या मुठीस धरून उभे राहते, आणि तोल सांभाळण्यासाठी माणूस जितका भार टाकतो तितका टाकते. ट्रेलरमध्ये माणसे दोन. त्यांतील व्हर्ला स्नानास सामाईक न्हाणीघरात जाते, असे तूच लिहिले आहेस. उरतो एक. त्या एकाच्या डोळ्यांपुढे अंधारी येते, हेही तूच लिहिले आहेस.

पपा शेवटच्या वर्षी गोठ्यातल्या खांबास धरून उभे राहत आणि आपल्याला सांगत की खांब तपासतो आहे. आपण दोघे त्या खांबावर हसलो होतो. पुढे धान्याचा ट्रक नाल्यात गेला, तेव्हा चक्कर आली असे ते म्हणाले नाहीत. रस्ता वळला असे म्हणाले.

तू जाणून लपवतोस असा माझा आरोप नाही. हाताला कळते आणि डोक्याला कळत नाही, असे पुष्कळदा होते. पण डॉक्टरने तपासल्याशिवाय तू तो डोंगर उतरणार नाहीस. टेनस्लीपचे काम सोडवत नसेल तर गाडी व्हर्लाने चालवावी. मुलगी असताना ती वडिलांचा धान्याचा ट्रक चालवीत असे आणि तुझ्यापेक्षा बरा चालवीत असे. शिवाय तू ट्रेलरमध्ये स्नान करणे बंद कर. पार्कच्या न्हाणीघरात भिंतीला धरायला लोखंडी दांडा असेलच.

या निकालावर अपील नाही. राग आला तर येऊ दे. तो ओसरल्यावर लोभ जेथे होता तेथेच सापडेल.

आर्डिथ


बफेलो
१० जून १९८७

ती. वन्सं,

तुमच्या व्हर्लाचा नमस्कार, वि. वि. तुमच्या भावाने पेन खाली ठेवलंय. म्हणतो, आरोपीला बोलायचा हक्क उरला नाही, आता तूच लिही.

तुमचं पत्र त्याने मला वाचून दाखवलं. आधी तणतणला. म्हणाला, ताईला दाराची दुरुस्ती सांगितली तर तिने माझीच दुरुस्ती काढली. मग पपांच्या खांबापाशी आला आणि तेवढं त्याने पुन्हा वाचलं. दुसऱ्या दिवशी आपणहून डॉक्टरकडे गेला. डॉक्टर म्हणाले, रक्तदाब उठताना जरासा उतरतो, पाणी जास्त प्या, बाकी काही सापडत नाही. तरी तुमचा शब्द त्याने मोडला नाही. गाडीच्या किल्ल्या माझ्या पर्समध्ये आहेत. शनिवारी न्याहारी करून आम्ही निघू, गाडी मी चालवणार. तो शेजारी हात बांधून बसेल. टेनस्लीपच्या टपालकचेरीत आमच्या नावावर पत्र पाठवलंत तर ते आम्ही जाऊन घेऊ.

आता तुमची जराशी खोड काढते. तुमचं पत्र आल्यापासून ऑर्लिनने ट्रेलरच्या शॉवरमध्ये पाय ठेवलेला नाही. रोज सकाळी टॉवेल खांद्यावर टाकून सामाईक न्हाणीघरात जातो, तिथून नाल फेकायला. आणि तरी काल दार पुन्हा उतरलं! त्याची ती हत्तीची पट्टी वाकली. मी त्याला म्हटलं, बघ, तुझ्या बहिणीला म्हणावं आता कोणाला शिक्षा देता. तो हसला आणि आरपार बोल्ट मारून बसला.

म्हणजे शेवटी दारच वाईट, वन्सं. मी ते हातात धरते तेव्हाच कुरकुरतं. हो, तुमच्यापासून काय लपवू, ती खडीची वाट मला नकोशी झाली म्हणून न्हाणीघरात जाणं मी मे महिन्यातच सोडलं. तो खेळायला गेला की इथेच आंघोळ उरकते. त्याला सांगितलं नाही, कारण टाकीतलं पाणी पुरत नाही म्हणून मीच डोकं खाल्लं होतं, आता तो चिडवून हैराण करील. पाय हल्ली झोपल्यासारखे असतात, गाद्यांवरून चालावं तसं वाटतं. पाय धुताना डोळे मिटले की कशाला तरी धरावंच लागतं. धरतात की सगळेच.

माहेरचा धान्याचा ट्रक आठवून सध्या मी फार तोऱ्यात आहे. तुम्ही तेवढा माझा पक्ष घेतलात, तसाच पुढेही घेत राहा.

तुमची,
व्हर्ला


ग्रिनेल
शनिवार, १३ जून १९८७

ऑर्लिन आणि व्हर्ला यांस,
जनरल डिलिव्हरी, टेनस्लीप, वायोमिंग

आशीर्वाद. व्हर्लाचे पत्र आज सकाळी साडेदहाच्या टपालाने आले. ते उभ्यानेच वाचले आणि लगेच तुमच्या पार्कला फोन लावला. कचेरीतल्या बाईंनी सांगितले की तुम्ही न्याहारीनंतर निघालात. स्टिअरिंगवर व्हर्ला होती, तिने हात हलवला, असेही त्या म्हणाल्या. ऑर्लिन तिला फाटकातून बाहेर येईपर्यंत खुणा करीत होता, आणि ती पहिल्याच फेरीत सरळ बाहेर पडली, याचे त्यांना कौतुक वाटले.

मग महामार्ग पोलिसांना फोन केला. तिकडच्या अधिकाऱ्याने शांतपणे ऐकून घेतले आणि त्या बाईंनी काही गुन्हा केला आहे काय, असे विचारले. मी नाही म्हटले. त्या आजारी आहेत असे डॉक्टरने सांगितले आहे काय? नाही. मग तुम्हाला कशावरून वाटते? मी म्हटले, शॉवरच्या दारावरून. त्याने ट्रेलरचा रंग लिहून घेतला आणि त्या बाजूला कोणी असेल तर पाहतील, असे सांगितले. त्याच्या जागी मीही यापेक्षा अधिक केले नसते.

माझी मांडणी बरोबर होती. व्हर्ला न्हाणीघरात स्नान करते, हे तिच्यातले एक विधान खोटे होते, ते मी ऑर्लिनच्या तोंडून घेतले आणि तपासले नाही. जे खरे होते ते मला पहिल्याच पत्रात मिळाले होते. स्क्रू टाचेत घेऊन एक बाई अर्धा दिवस चालली, आणि मी लिहिले की ते मुद्द्यास धरून नाही. ऑर्लिन, त्या उतारावर ब्रेक किती दाबला हे पायालाच कळावे लागते, असे तू लिहिले होतेस. ज्या पायाला ते कळते तो मी शेजारच्या आसनावर बसवला.

व्हर्ला, तू काही लपवलेस असे मनात आणू नकोस. तुला कोणी विचारलेच नाही. पोहोचल्यावर पहिल्या डॉक्टरला दोन्ही तळवे दाखव, डोळे मिटून उभी राहा आणि काय होते ते त्याला पाहू दे. ऑर्लिन, दाराच्या आतल्या भिंतीला एक पक्का दांडा बसव. दारास पुन्हा हात लावू नकोस, त्याचा काही दोष नाही.

आता दुपारचे दोन वाजले आहेत. फोन मी स्वयंपाकघरातून दिवाणखान्यात आणला आहे. तो वाजलेला नाही, यावरून काहीच सिद्ध होत नाही. फोन करू नका, असे तुम्हाला मीच शिकवले आहे.

हे पत्र तुमच्या हाती असेल तर त्याची गरज संपली आहे. गरज असेल तर ते तुमच्या हाती नाही. हे लिहिताना दिसत असूनही मी लिहिते आहे, कारण तीनची टपालगाडी चुकवली तर मला करण्यासारखे काही उरणार नाही. कोणी घेण्यास आले नाही तर टेनस्लीपची टपालकचेरी मुदतीपर्यंत पत्र ठेवून पाठवणाऱ्याकडे परत करते. पाकिटाच्या कोपऱ्यात माझा पत्ता मी सवयीने लिहिला होता. तो आता खोडते आहे.

तुमचा लोभ मला हवा आहे. दोघांचाही.

आर्डिथ