मोटरीवरचा आळ

मी, जवरीलाल हुकूमचंद गंगवाल, वय अडुसष्ट, धंदा डाळ मिल, राहणार कारंजा (लाड), जिल्हा अकोला, हे मृत्युपत्र माझ्या मर्जीने आणि शुद्धीवर असताना लिहून ठेवतो. डॉक्टरांचा माझ्या छातीवर भरवसा उरलेला नाही. डोके मात्र ठिकाणावर आहे. ज्याला शंका असेल त्याने तुरीचा आजचा भाव मला विचारून पाहावा.

कलम १. राहते घर आणि डाळ मिल, जागा व यंत्रांसह, मुलगा फूलचंद याला. त्याचे मन अकोल्यात रमले आहे, मला दिसते. मिल विकायची तर खुशाल विकावी. फक्त यंत्रे फिरवणारी जुनी मोटर देताना तिच्याबद्दल कलम ४ मध्ये लिहिले आहे ते घेणाऱ्याला वाचून दाखवावे. तो हसला तरी दाखवावे.

कलम २. आसेगावचे शेत मुलगी प्रेमाबाई हिला. तिच्या आईला, कै. कंचनबाईला, तिथे दोन खोल्या बांधायच्या होत्या. मी दरवर्षी "पुढच्या वर्षी" म्हणत गेलो. आता बांधून तरी काय, ती थोडीच येणार आहे!

कलम ३. देवमनने तरणेपणापासून माझी पोती उचलली. मिलमागची खोली त्याची, कायमची. फूलचंदने त्याला हुसकावले तर मी वरून पाहीन असे लिहिणार होतो, पण आमच्या जैन धर्मात तशी सोय नाही. म्हणून कायद्याने लिहितो.

कलम ४. आता मोटर. मिलच्या भिंतीला लागून शेख रऊफ यांचे रेडिओ दुरुस्तीचे दुकान आहे. एके काळी आमचा एकमेकांवाचून दिवस मावळत नसे. मला रात्रीचे खाणेपिणे वर्ज्य, म्हणून मी सूर्यास्ताआधी जेवून तिथे जाऊन बसायचो आणि तो लंडन, मॉस्को, सिलोन, काय सापडेल ते लावायचा. माझ्या घरचा रेडिओ त्यानेच बांधला, मिलच्या छपरावर तांब्याची लांब तारही त्यानेच ताणली.

त्रेसष्ट साली शॉर्टवेव्हवर एक आवाज येऊ लागला. सुपात तूर पाखडावी तसा, आणि मध्येच लाह्या फुटल्यासारखी तडतड. रोज यायचा नाही, पण आला की बातम्या बुडवायचा. गिऱ्हाइके रेडिओ परत आणू लागली. रऊफ म्हणाला, "शेठ, तुमची मोटर ठिणग्या मारून राह्यली." मी मोटरीचे कार्बन बदलले. आवाज आला. दिवेलागणीला मिल बंद ठेवू लागलो. आवाज आला. पर्युषणात आमची मिल बंदच असते, पट्टासुद्धा उतरवलेला. तरी आला! मी म्हटले, "ये, हात लावून पाहा, मोटर गार आहे." तर भर गिऱ्हाइकांत म्हणतो, "आवाज तं तुरीचाच आहे ना? शेठजी आता देवाच्या दिवसातबी खोटं बोलू लागले."

मोटरीला काय वाटेल ते बोलायचे होते. देवाच्या दिवसांवर कायले गेला? तेव्हापासून बोलणे बंद. पर्युषण संपले की क्षमावाणीला मी सगळ्या बाजाराला हात जोडतो, ते एक दुकान सोडून. क्षमा मागायला चूक तरी माझी हवी की नाही! कंचनबाई गेली त्या दिवशी त्याच्या दुकानातला एकही रेडिओ वाजला नाही, हे माझ्या ध्यानात आले होते. तरी शब्द फुटला नाही, ना त्याच्या तोंडून ना माझ्या. अलीकडे तर मला खिजवायला तो रेडिओ एवढा मोठा लावतो की माझी फळी थरथरते.

गेल्या दिवाळीत जावई, प्रेमाचे यजमान, माझा रेडिओ ऐकत बसले होते. ते वाशीमला कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतात. बारा वर्षांनी गुरू फिरून त्याच राशीला आलेला, आणि तोच आवाज आला. मी कपाळाला हात लावला. जावई अंगणात धावले, वर पाहून म्हणाले, "बाबूजी, हा गुरू बोलतोय!"

त्यांनी सांगितले ते असे. गुरूला आयो नावाचा चंद्र आहे. तो गुरूच्या चुंबकी क्षेत्रातून फिरतो तेव्हा तिथले विजेचे कण एका तालात डोलतात. सुटे सुटे डोलले असते तर काही ऐकू आले नसते. एकदम डोलतात म्हणून त्यांच्या रेडिओलहरी इथवर पोचतात. ताल कसा जमतो ते मोठ्या शास्त्रज्ञांनाही अजून नीट उमगलेले नाही. ताऱ्यांमधल्या वायूच्या ढगांतूनही अशा एकतालाच्या लहरी येतात, त्याला मेसर म्हणतात. "सगळं निसर्गाचं, माणसाचा हात नाही," जावई म्हणाले. मी विचारले, मोटरीचाही नाही ना? ते हसले. मला हसू आले नाही. लग्न जुळवायला आपण पत्रिकेत ज्याचे बळ पाहतो, त्या ग्रहाने माझा मित्र तोडला.

सबब जाहीर करतो की, माझी मोटर निर्दोष होती व आहे.

कलम ५. रेडिओ आणि तार रऊफला द्यावी, असे म्हणताच मसुदा तपासणारे अर्जनवीस बाबूलाल अडले. "शेठजी, साक्षीदारबी रऊफभाईच पाह्यजे म्हनता ना? मंग त्याइले काई देऊ नका. ज्याले भेटते त्याची साक्ष कच्ची पडते." म्हणजे रेडिओ तरी द्यावा, नाहीतर त्याला बोलवावे. फार विचार केला. रेडिओ त्याच्या घरी जाईल तेव्हा मी नसेन. मला तो मी असताना माझ्या ओसरीवर हवा आहे. म्हणून रेडिओ प्रेमाला. रऊफला काहीही देत नाही.

कलम ६. सहीसाठी रऊफला बोलवायला देवमनला पाठवले. तो एकटाच परत आला. "रऊफभाई म्हनते, मेल्यावरच्या कागदासाठी मले कायले बोलावता? जित्तेपनी चा प्याले तं नाई बोलावलं."

खरे बोलला, लेकाचा. मी टोपी घातली आणि कागद घेऊन, बाबूलालसह, भिंतीपलीकडे गेलो. पुढचे त्याच्या दुकानात बसून लिहीत आहे.

रऊफ रेडिओला कान लावून बसला होता. मी हाक मारली, त्याने मान वळवली नाही. त्याचा मुलगा म्हणाला, "मोठ्यानं बोला शेठजी, अब्बाले दोन वर्षांपासून आयकू येत नाई." दोन वर्षे मी त्याच्या मोठ्या रेडिओला खुन्नस समजत होतो!

मी त्याच्या कानाशी ओरडून गुरूची हकिकत सांगायला लागलो, तेवढ्यात रेडिओवर तोच आवाज आला. तूर, लाह्या, सगळे. बारा वर्षे मला हाच पुरावा त्याच्यापुढे ठेवायचा होता. रऊफ माझ्या तोंडाकडे पाहत राहिला. "काय येऊन राह्यलं शेठ? सांगा ना."

मी वाकलो आणि ओरडलो, "माझी मोटर!"

तो हसला, ठसका लागेपर्यंत हसला, आणि मग मला धरून रडला. मीही रडलो, लपवत नाही. कलम ४ आहे तसेच राहू द्यावे. ते फूलचंदसाठी आणि भंगारवाल्यासाठी आहे. मुलगा चहा सांगायला उठला तेव्हा सूर्य मावळला होता. रऊफने त्याला खूण केली, शेठजींचा नको. त्याच्या ध्यानात होते.

वरील मजकूर मला मान्य आहे. दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

(सही) जवरीलाल हुकूमचंद गंगवाल

साक्षीदार:
१. (सही) बाबूलाल, अर्जनवीस
२. (सही) शेख रऊफ

तारीख: २१ जानेवारी १९७६
ठिकाण: शेख रऊफ यांचे दुकान, कारंजा (लाड)