कागदावरचा तेलाचा डाग

ग्वायामा,
१७ जानेवारी २०१२

प्रिय यामारिस,

पत्राच्या सुरुवातीला बापाने लेकीला आशीर्वाद लिहायचा असतो. ती जागा मी कोरी सोडली आहे. कारण शेवटी सांगतो.

इकडे ठीक चाललं आहे. उजवा गुडघा गॅरेजच्या शटरपेक्षा जास्त कुरकुरतो. शेजारच्या एफ्राइनचा कोंबडा अजून जिवंत आहे आणि अजून पहाटे तीनलाच ओरडतो. तुझी कार्मिन आत्या नाताळनंतरचा तीन राजांचा सण तुझ्याकडे करून गेल्या आठवड्यात सोमवारी अॅलनटाऊनहून परतली. तू दिलेला लोकरीचा कोट मिळाला. इथल्या उकाड्यात तो घालून मी काय करू, कोंबड्यावर पांघरीन म्हणतो.

आत्या सांगत होती की तू बर्फातून दोन मैल चालत कामाला जातेस आणि गाडी खाली उभ्याउभ्या गंजते आहे. मी म्हटलं, "बरं आहे, व्यायाम होतो." तिने शेगडी बंद केली आणि माझ्यासमोर येऊन बसली.

"बेर्तो, दात काढू नकोस. पोरगी पेट्रोलपंप दिसला की रस्ता ओलांडून पलीकडे जाते. म्हणते, मी तेल विसरले म्हणून नवरा गेला, होआदेल गेला."

"आणि फोनवर आशीर्वाद का मागत नाही? रागावली आहे ना माझ्यावर?"

"राग कसला रे? मागायला तोंड नाही म्हणते."

दोन वर्षं तू दर रविवारी फोन करतेस आणि आधी 'आशीर्वाद द्या' न म्हणताच 'कसे आहात' विचारतेस. मला वाटायचं, तुला सगळं कळलं आहे आणि तू रागावली आहेस. खरं सांगतो, त्या रागाचा मला आधारच होता. वाटायचं, चला, शिक्षा चालू आहे. आत्याने तोही काढून घेतला.

आता होआदेलच्या अपघाताबद्दल, त्या पिकअपबद्दल लिहितो. बरंचसं तुला माहीत आहे, पण क्रमाने लिहिल्याशिवाय मला शेवटापर्यंत जाता येणार नाही.

होआदेलच्या वडिलांची ती छोटी पिकअप. मूळ इंजिन इतकं मरतुकडं की कायेचा घाट चढताना मागचे लोक हॉर्न वाजवायचे थांबून देवाचं नाव घ्यायचे. आम्ही दोघांनी पाच महिन्यांचे रविवार घालून तिच्यात टर्बो लावलेलं रोटरी इंजिन बसवलं. तू सात वर्षांची असताना तसल्याच उघड्या इंजिनात डोकावून विचारलं होतंस, "बाबा, याचे पिस्टन कुणी चोरले?" मी तुला आत फिरणारा त्रिकोण दाखवला होता. त्या त्रिकोणाच्या टोकांना सतत तेल लागतं, नाहीतर ती जळतात. आम्ही तेलाचा पंप काढून टाकलेला, म्हणून दर वेळी टाकीत पेट्रोलबरोबर तेल हाताने ओतायचं. गॅरेजमधल्या अशा गाड्यांना दहाव्या वर्षापासून ते माप तू माझ्यापेक्षा नीट घालायचीस.

त्या रविवारी सकाळी तुमचं भांडण झालं होतं. छप्पर गळतं आहे आणि नवऱ्याला पिकअपशिवाय काही दिसत नाही, हे तुझं म्हणणं बरोबरच होतं. तरी त्याने तुलाच पेट्रोल भरायला पाठवलं. परत येऊन तू किल्ली बॉनेटवर आपटलीस आणि घरात गेलीस. अकरा वाजता सगळी गल्ली खुर्च्या घेऊन दारात आली, आपल्याकडे नवं इंजिन पहिल्यांदा ऐकायला येतात तशी. बारा वाजता होआदेल पिकअप घेऊन समुद्राकडच्या सरळ रस्त्याला गेला. त्याने तिसरा गिअर टाकलेला आम्ही दारातून ऐकला. त्यानंतरचा आवाजही ऐकला.

दवाखान्यात तू माझा शर्ट धरून म्हणालीस, "बाबा, मला तेल घातल्याचं आठवतच नाही. इंजिन जाम झालं ना? माझ्यामुळेच ना?"

मी म्हणालो, "गप्प राहा, बाळा."

तू त्याचा अर्थ 'हो' असा घेशील हे मला तेव्हाच कळलं होतं. घेऊ दिला.

इंजिन जाम झालं नव्हतं, यामारिस. होआदेलला पुरल्यानंतर तिसऱ्या दिवशी मी ते एकट्याने उघडलं. टोकं अखंड होती, भिंती तेलाने ओल्या होत्या. टाकीतल्या पेट्रोलचे चार थेंब वर्तमानपत्रावर टाकले. नुसतं पेट्रोल असतं तर उडून गेलं असतं. कागदावर तेलाचा गोल डाग राहिला. तू तेल घातलं होतंस. डोकं भांडणात होतं, पण हातांनी त्यांचं काम केलं होतं.

आणि इंजिन उघडायची गरजही नव्हती. अॅम्ब्युलन्स यायच्या आधीच मी रस्त्यावर पिकअपखाली वाकून पाहिलं होतं. रोटरी इंजिन आखूड, त्यामुळे गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट वीतभर कमी पडत होता. मी दोन शाफ्टचे तुकडे जोडून वेल्डिंग केलं. सरळ फिरतो का ते पोन्सेला नेऊन मशीनवर तपासून घ्यायला हवं होतं. मी खडूने खूण करून डोळ्यांनीच तपासला. पस्तीस वर्षांचा डोळा. शाफ्ट त्या जोडावर तुटला, पुढचं टोक खाली पडून डांबरात रुतलं, आणि बांबू टेकवून पोरं ओढा ओलांडतात तशी पिकअप त्या टोकावर उचलली गेली.

हे व्हायला नको म्हणून शाफ्टभोवती लोखंडी कडं बसवतात. तुटला तरी शाफ्ट त्यात लटकून राहतो. मी ते केलं होतं, बसवलंही होतं. पण टर्बोचा जाड पाइप त्याला लागून टणटण वाजायचा. होआदेल हसून म्हणाला, "सासरेबुवा, लोक म्हणतील भांडीवाला आला." एवढंच म्हणाला. काढा म्हणाला नाही. काढलं मी, शनिवारी दुपारी. गल्ली ऐकायला येणार होती आणि बेर्तोच्या हातच्या इंजिनाचा आवाज स्वच्छ यायला हवा होता. पाइप सोमवारी वाकवीन म्हटलं. सोमवारी आपण शवपेटी निवडत होतो.

कडं अजून बाकावरच्या खिळ्याला लटकलं आहे.

होआदेलसाठीच्या नऊ दिवसांच्या जपमाळेच्या प्रार्थनेला त्याच्या आईने, नेलिदाने, मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "यामारिसने तेल घातलं नव्हतं म्हणतात, खरं का?" मी म्हणालो, "विहीणबाई, अशा इंजिनांचा काही नेम नसतो." तेव्हापासून ती तुझं नाव घेत नाही. आणि माझ्यापुढे दर शनिवारी कॉफी ठेवते.

परवा रविवारी मी तिला सगळं सांगितलं. ती परातीत तुरीच्या शेंगा सोलत होती. माझं बोलून संपलं तरी तिचे हात थांबले नाहीत. मग म्हणाली, "दोन वर्षं तू इथे बसून माझी कॉफी प्यालास."

मी म्हणालो, "हो."

"आणि त्या पोरीला मी तिच्या नवऱ्याच्या वर्षश्राद्धाला बोलावलं नाही." परात बाजूला सारून म्हणाली, "कप ठेव आणि जा, बेर्तो."

तिने आत्याकडून तुझा नंबर घेतला आहे. फोन आला तर उचल.

वर्तमानपत्राचा तो तुकडा या पाकिटात घातला आहे. डागाशेजारी माझ्या अक्षरात तारीख आहे. दोन वर्षं जपला म्हणजे कधीतरी सांगायचंच होतं, असं समजू नकोस. सांगायचं नव्हतं. फेकवत नव्हता, एवढंच. तू तिकडे बर्फात चालत होतीस आणि हा इकडे माझ्या ड्रॉवरमध्ये होता.

माफी मागत नाही. मागितली तर तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि तुझ्यावर आणखी काही लादायचं नाही. गाडीत नवी बॅटरी टाक. पंपावर जा, टाकी पूर्ण भर.

आता त्या कोऱ्या जागेबद्दल. आशीर्वाद मागायचा तुझा हक्क कधीच गेला नव्हता. द्यायचा माझा गेला आहे. म्हणून फोनवर आत्याकडे माग. मी तिला सांगून ठेवलं आहे, ती देईल.

एरिबेर्तो