तीन नंबरवरची मिरची

९ फेब्रु. ९९, मंगळ.
आज जाहिरातींचा बंदोबस्त केला. आमच्या सायबर कॅफेत इंटरनेटची एक फोनलाइन, तीन कॉम्प्युटर, आणि पानापानावर त्या नाचऱ्या पट्ट्या. पोरींना परीक्षेचे निकाल बघायचे असतात, आधी उतरते जाहिरात. वर मेल्या कसल्याकसल्या बायका! एक छोटा प्रोग्रॅम बसवला. चित्राच्या पत्त्यात ‘ॲड्स’ दिसलं की ते आत घ्यायचंच नाही. पानं झरझर येतायत.
फौजेतून रिटायर झालेले आप्पा म्हणाले, “ह्याला म्हणतात फौजेची शिस्त.” केलं मी, श्रेय फौजेला.

११ फेब्रु.
मिलिंद आला होता. आष्ट्याहून एसटीने येतो, तीन नंबरवर बसून सांगलीची वेबसाइट वाढवतो. गाड्यांच्या वेळा, हळदीचे भाव, घाटाचे फोटो. (यापुढे नुसतं मि. लिहीन. पूर्ण नाव लिहिताना माझं अक्षर फारच वळणदार होतं. कुणी वाचलं तर?)
पहिलं गिऱ्हाईक मिळालंय. मसालेवाले बसाप्पाशेठ. गोल फिरणारी लाल मिरची, गेल्याच आठवड्यात चढवली. शेठना पसंत पडली तर वर्षभराचं काम. मग पुण्याहून आलेल्या नोकरीला नाही म्हणणार म्हणे. मी म्हटलं, “छान.” एवढंच सुचलं. बावळट.

१५ फेब्रु.
शेठ स्वतः आले. मि. ने एक नंबरवर पान उघडलं. मिरचीच्या जागी मोकळी चौकट.
“आवं म्याडम, माझी मिरची कुठं हाय?”
दोनवरही नाही. तीनवर मात्र झक्कास फिरतेय!
“म्हंजे तिघातल्या एकालाच दिसणार व्हय? असलं काम मला न्हाई जमायचं.” उठून गेले.
मि. चं तोंड एवढंसं. चूक आपलीच म्हणून शोधत बसला. सापडणार कुठून? मिरचीचं चित्र त्याने ‘ॲड्स’ नावाच्या फोल्डरात ठेवलंय, ते माझ्या बंदोबस्तात अडकलंय. कळलं तरी मी बिलं मोजत बसले.

१६ फेब्रु.
मग तीनवर दिसते कशी? दुपारी उलगडलं. एकदा आलेलं चित्र ब्राउझर स्वतःजवळ ठेवून घेतो, कॅशमध्ये. पुन्हा मागायला बाहेर जातच नाही. माझा पहारा दारावर, आणि मिरची त्याआधीच घरात येऊन बसलेली. तीनवर त्या मेल्या बायका अजून का दिसतात तेही कळलं. कॅश पुसली की जातील. बघू.

१८ फेब्रु.
मि. ला सांगून टाकलं. वाटलं, भडकणार. तर हा हसायलाच लागला. “म्हंजे मिरची अडवणारी तूच व्हय?” आजवर तुम्ही-तुम्ही करायचा, आज तू. फोल्डरचं नाव बदललं. तिन्हीकडे मिरची फिरली.
लगेच शेठकडे गेला. ते म्हणे, “माझं गिऱ्हाईक मिरची हुंगून घेतंय रं, काचंतली न्हाई.”

२४ फेब्रु.
आईने विचारलं, तो रोज येतो त्याचं आडनाव काय गं? सांगितलं. पोळ्या लाटत राहिली. मग, “मुलगा चांगलाय, पण...”
पुढचं मला माहीत आहे. चीड आली, लय.

१ मार्च
मि. पुण्याला गेला. साइटच्या इंटरनेटवरच्या जागेचं भाडं भरलं नाही, ती बंद होणार. निघताना म्हणाला, “इथं काम असतं तर ऱ्हायलो असतो.” नुसतं कामच? विचारलं नाही मी.

९ मार्च
साइट गेली. एकवर नाही, दोनवर नाही. तीनवर ब्राउझरला सांगून ठेवलंय, बाहेर विचारायचं नाही. तिथे सगळं जिथल्या तिथे. घाट, गाड्या, मिरची. तळाशी त्याचं नाव.
तीन नंबर पोरींना देत नाही, त्या बायका आहेत ना अजून. आप्पा कुरकुरतात, “मशीन बिघडलंय का?” हो म्हटलं.

१७ मार्च
शेठ! सोबत व्याही. “म्याडम, ती मिरची दावा की ह्यांस्नी.” तीनवर बसवलं. दुसरं काय करणार? व्याही बघतच राहिले. शेठ फुगले.
“त्या पोराला सांगा, वर्साचं काम दिलं. अशीच ऱ्हाऊ द्या.”
साइट बंद पडलीय हे न सांगता “सांगते त्याला” म्हटलं.

१८ मार्च
मि. ला ई-मेल लिहायला बसले. शेठचं सगळं लिहिलं. काम आहे, ये. मग ‘काम आहे’ खोडलं. नुसतं ‘ये’ राहिलं. भलतंच वाटलं, परत लिहिलं. परत खोडलं.
कॅश भरली की जुनं आपोआप पुसलं जातं म्हणे. मिरची किती दिवस टिकेल कोण जाणे.
‘ये’ एवढंच ठेवून पाठवली. फोनलाइन मध्येच तुटली. गेली की नाही, कळलं नाही.