तोलोमुशच्या तिन्ही मुली वेगवेगळ्या असल्याबाबत

प्रति,
मा. प्रकल्प संचालक,
एकत्रित औषध-नोंद प्रणाली, बिश्केक.

अर्जदार : बाक्तिगुल मोल्दोकुलोवा, आरोग्यसेविका, कारा-ताश दवाखाना.

विषय : नावाच्या रकान्यातील चुकीमुळे तीन रुग्णांना एकीपुरतेच इन्सुलिन मिळत असल्याबाबत.

संदर्भ : "प्रणाली समाधानकारक असल्याचे आपणच सही करून कळविले आहे", हे आपले दि. १९ ऑक्टोबरचे उत्तर.

महोदय,

१. आमच्या गावात कै. तोलोमुश यांच्या तीन मुली राहतात : सोनुन (६३), बुरुल (५८) व जांगिल (५१). तिघीही इन्सुलिनवर आहेत. देश सोव्हिएत संघातून स्वतंत्र झाल्यावर म्हाताऱ्याने हट्टाने नावांमागचे '-ओवा' हे रशियन शेपूट कापले आणि आपल्या जुन्या रीतीने 'तोलोमुश किझी', म्हणजे तोलोमुशची मुलगी, अमुक, असे लिहून घेतले. आपल्या प्रणालीत नावाला दोनच शब्दांची जागा आहे. पहिला तोलोमुश, दुसरा किझी. तिसरा शब्द, म्हणजे जिच्या अंगात सुई जायची तिचे नाव, गळून पडतो. परिणामी मार्चपासून तिघी मिळून एक बाई झाल्या असून महिन्याला पंधराऐवजी पाच कुप्या येतात.

२. मदत-क्रमांकावर सतरा वेळा फोन केला. तिथला मुलगा सभ्य आहे. म्हणाला, "आपा, संगणकात एकच बाई दिसते. तुम्ही उगाच तीन कशाला करता?" मी म्हटले, "बाळा, मी नाही केल्या, त्यांच्या आईने केल्या." त्याने तक्रार बंद केली. जांगिलला जुन्या आडनावाने स्वतंत्र नोंदवून पाहिले, तर बनावट रुग्ण घुसडल्याबद्दल मलाच नोटीस आली.

३. ही चूक आपल्या अभियंत्यांना माहीत नव्हती असे नाही. प्रशिक्षणाच्या दिवशी मीच उभी राहून विचारले होते. ते म्हणाले, "ओळख-क्रमांकाचा रकाना दुसऱ्या टप्प्यात येईल, बाई, मग नावाची भानगडच नाही." पुढे कळले ते असे : एका उपमंत्र्यांना त्यातच गुरांची औषधे हवी होती, त्यांच्या जागी आलेल्यांना नकाशा हवा होता, तिसऱ्यांना उद्घाटन सणाच्या आधी हवे होते. नऊ कोटी सोमचे काम चाळीस कोटींवर गेले आणि दुसऱ्या टप्प्याचा पैसा पहिल्यातच संपला. आमच्या मेंढ्यांची नोंद मात्र बिनचूक आहे. त्यांना कानातल्या बिल्ल्यावर क्रमांक आहे.

४. सहीबाबत. होय, सही माझीच. प्रशिक्षणाच्या शेवटी 'समाधानकारक' छापलेल्या कागदावर सही केल्याशिवाय परतीचे गाडीभाडे मिळणार नव्हते. माझ्या आधी दोनशे जणांनी केली होती. मला वाटले, त्यांचे तरी चालत असेल. नंतर त्यांतल्या अकरा जणांना विचारले. प्रत्येकाला तसेच वाटले होते. वरही असेच झाले असावे, असा माझा नम्र अंदाज आहे. ही सही मी या अर्जान्वये मागे घेते. नोकरी गेली तरी चालेल.

५. सध्या मी पाच कुप्या तिघींत वाटते. सोनुनच्या पायाचे बोट काळे पडले आहे. बुरुल दोनदा चुलीपाशी बेशुद्ध पडली. जांगिल, या नावाचा अर्थच 'चूक', कारण म्हाताऱ्याला तिसऱ्या खेपेला मुलगा हवा होता, काल हसत म्हणाली, "बापाने एकीलाच चूक म्हटलं होतं गं, सरकारने तिघींना म्हटलं." हसली खरी, पण आपला वाटा थोरलीला द्या म्हणून अडून बसली आहे. थोरली तो घेत नाही.

६. आज कपाटात दोन कुप्या आहेत. पंधरा दिवसांत गावात येणारी खिंड बर्फाने बंद होईल, ती मार्चअखेर उघडेल.

तरी प्रणाली दुरुस्त होईल तेव्हा होवो. तोवर या तिघींचे इन्सुलिन पूर्वीसारखे कागदी वहीवर देण्याची परवानगी तारेने द्यावी. ते नियमात बसत नसेल, तर तिघींपैकी कोणती खरी धरायची हे आपल्या सहीने लेखी कळवावे. फोनवर सांगू नये. मला ते तिघींना एकत्र बसवून वाचून दाखवावे लागेल.

आपली नम्र,
बाक्तिगुल मोल्दोकुलोवा
कारा-ताश, दि. ३ नोव्हेंबर

सोबत :
(१) तिघींच्या ओळखपत्रांच्या प्रती.
(२) तिघींचे एकत्र छायाचित्र. मधे बसलेली सोनुन आहे, तिला आता उभे राहवत नाही.