ध्वनिमत

मंगळवार, संध्याकाळ

आज विधानसभेत मंत्र्यांच्या पगारवाढीचं विधेयक होतं. टिपून घेणं माझं काम, म्हणून शब्दन्‌शब्द ऐकला. अध्यक्ष म्हणाले, बाजूने असतील त्यांनी 'हां' म्हणावं. केवढा आवाज झाला! मग म्हणाले, विरोधात असतील त्यांनी 'ना' म्हणावं. कोणीच बोललं नाही. मी पेन धरून वाट पाहत बसले. ती शांतता कशी लिहायची? शेवटी इथल्या हिंदीत 'ध्वनिमत से पारित', म्हणजे आवाजी मतदानाने मंजूर, एवढंच लिहिलं.

बीरगांवला घरी आले, तर आई अंगणवाडीची चावी परत करून आलेली. आज तिचा शेवटचा दिवस होता. पेन्शन नाही, कारण तिला इतकी वर्षं मिळालं ते मानदेय, म्हणजे मानधन, पगार नव्हे. एका शब्दाचा फरक! मी नेमकी कोणावर चिडून राहिली?

तिला विधेयकाचं सांगितलं.

"सोताचा पगार त्यायनंच ठरवला?"

"हव."

"अन् 'ना' कोणीच नाही म्हटलं?"

आईने भाजी चिरायला घेतली.

मग म्हणाली, "माह्या पगाराचं मले कोणी इचारलंच नाही वं. म्या बी जोरात म्हटलं असतं."

आणि भाजी चिरता चिरता, अगदी हळू, एकदा 'हां' म्हणून पाहिलं.