उरलेली बावीस मिनिटं

सोमवार, ११ मे

ती. वहिनींना नमस्कार.

काल शेवटचा सामना झाला. शून्य-तीन हरलो. दुसऱ्या श्रेणीतून घसरलो, आता पुढच्या वर्षी तिसऱ्या श्रेणीत खेळायचं. आज सकाळी सव्वीस जर्सी धुतल्या, बुटांचा चिखल काढला, साबण संपला होता तो आणला. मैदानावर रोलर फिरवणाऱ्याशिवाय कोणी नाही.

तुमचं पत्र मिळालं. मुलांनी वरची खोली माझ्यासाठी रिकामी केली, हे वाचून बरं वाटलं. उत्तराला महिना लागला, रागावू नका.

दादा गेल्यावर चौदा सामन्यांत दोन बरोबरीत सुटले, बाकी सगळे हरलो. त्याच्या जागी आलेले नवे प्रशिक्षक भले आहेत, पण शाळेत पाहुण्यांचं भाषण ऐकावं तसं पोरं त्यांचं ऐकतात. आमचा गोलरक्षक, ज्याला सगळे उंट म्हणतात, परवा म्हणाला, "काका, जर्सी धुता कशाला? घाम यायला पळावं लागतं." सगळे हसले. मीही हसलो.

इस्पितळात तुम्ही विचारलं होतं, "भावजी, त्यांना आधी काही त्रास होत होता का? तुमच्याशी काही बोलले का?" मी नाही म्हणालो.

ते खरं नव्हतं. त्या दिवशी सामन्याच्या मध्यंतराला दादा माझ्या कपड्यांच्या खोलीत आला. आपण एक-शून्यने पुढे होतो. त्याचा शर्ट घामाने चिंब झाला होता. डावा हात जड झालाय म्हणाला. मी डॉक्टरांना बोलावतो म्हटलं, तर म्हणाला, "मुक्या, आज तुझा गुण दाखव. सामना संपेपर्यंत कोणाला सांगू नकोस. डॉक्टर मला आत झोपवून ठेवेल." मी त्याला कोरडा शर्ट दिला. डॉक्टर शेजारच्याच खोलीत कोणाच्या तरी गुडघ्याला पट्टी बांधत होते. अडुसष्टाव्या मिनिटाला दादा खाली बसला, तो उठलाच नाही.

सामना तिथेच थांबवला. उरलेली बावीस मिनिटं अकरा दिवसांनी खेळवली, रिकाम्या स्टेडियममध्ये. त्यात दोन गोल खाऊन हरलो. शेवटची शिट्टी झाली तेव्हा मी बाकामागे उभा होतो. सामना संपला, आता बोलायला हरकत नाही, एवढंच डोक्यात आलं. त्याच आठवड्यात तुमचा फोन आला होता. मी पाऊसपाण्याचं बोललो.

दादाने सांगितलेली मुदत त्या दिवशी संपली. त्यानंतरचं गप्प बसणं माझं एकट्याचं आहे.

वहिनी, मी राहायला येणार नाही. तुम्ही वाढायचं आणि मी खाली मान घालून जेवायचं, हे मला जमणार नाही. खोली मुलांना वापरू द्या. तुमचं उत्तर आलं नाही, तरी मी समजून घेईन.

दुपार झाली. कालचंच आहे, ते गरम करून घेतो.

दादाचा धाकटा भाऊ